कथेची दुसरी दिवाळी

दिवाळी अंकात छापून आलेल्या कथेचं आयुष्य किती? अंक येतो, ओळखीच्यांचे दोन-चार फोन येतात, वाचनालयात उन्हाळ्यापर्यंत तो हातोहात फिरतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं हे हक्काचं घर. पण घर भाड्याचं, आणि करार पुरत्या अकरा महिन्यांचाही नाही. पंधरा-वीस कथा साठल्या की लेखक बाड घेऊन प्रकाशकाकडे जातो. तिथलं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: कथासंग्रह खपत नाहीत हो, कादंबरी आहे का?

ई-पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही. छापील पुस्तकाला निदान शे-सव्वाशे पानं लागतात, नाहीतर कण्यावर नावसुद्धा छापता येत नाही. पडद्यावरच्या पुस्तकाला कणाच नसतो. त्यामुळे चाळीस पानांची एकटी कथाही पुस्तक होऊ शकते.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या ह्यू हाउवी यांनी जुलै २०११मध्ये ‘वूल’ नावाची एक दीर्घकथा ॲमेझॉनच्या किंडलवर स्वतःच प्रसिद्ध केली. किंमत ९९ सेंट. जमिनीखालच्या बुरुजात राहणाऱ्या माणसांची ती गोष्ट तेवढ्यावरच संपली होती. पण वाचकांनी ‘पुढे काय?’ असा धोशा लावला, म्हणून त्यांनी आणखी चार भाग लिहिले आणि जानेवारी २०१२मध्ये पाचही भागांचं एकत्रित पुस्तक काढलं. मग सायमन अँड शुस्टर ही मोठी प्रकाशनसंस्था दारात आली. हाउवींनी तिला फक्त छापील पुस्तकाचे हक्क दिले आणि ई-पुस्तकाचे स्वतःकडे ठेवले. २०२३मध्ये त्या कथेवरची ‘सायलो’ ही मालिका ॲपल टीव्हीवर आली. असं भाग्य लाखात एखाद्याला लाभतं, तेव्हा हाउवींच्या कमाईकडे बघून कुणी नोकरी सोडू नये. बघायचं ते त्यांच्या पद्धतीकडे: एकच कथा, कमी किंमत, आणि वाचकांनी मागितल्यावर पुढची.

प्रत्येक प्रयोग असा फळत नाही. खुद्द स्टीफन किंग यांनी २००० साली ‘द प्लांट’ ही कथा हप्त्याहप्त्यानं स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली होती. सुरुवातीला हप्त्याला एक डॉलर, आणि तोही वाचकाच्या इमानावर सोडलेला. शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी पैसे दिले तरच पुढे लिहीन, अशी अट होती. सहा हप्त्यांनंतर त्यांनी ती कथा अर्धवट सोडली.

मराठीत आज वाटा बऱ्याच आहेत. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ मराठी ई-पुस्तकं वाचकांना मोफत देतं. ‘बुकगंगा’वर छापील पुस्तकांबरोबर ई-पुस्तकंही विकली जातात. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’वर लेखक थेट मोबाइलवरून कथा टाकतो आणि खाली लगेच प्रतिक्रिया येऊ लागतात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरापासून आली. ती वाचायला किंडलचं यंत्र लागत नाही, मोबाइलवरचं मोफत ॲप पुरतं. स्वतः किंमत ठरवून विकायचं असेल तर बहुतेक लेखक ॲमेझॉनच्या ‘केडीपी’ या सेवेकडे वळतात. खातं उघडायला शुल्क नाही. आयएसबीएन क्रमांकही लागत नाही. ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं. तरी कुणाला हवाच असेल, तर राजा राममोहन रॉय यांच्या नावानं चालणारी सरकारी संस्था तो विनामूल्य देते. त्यासाठी एजंटाला पैसे मोजायची गरज नाही.

इथवर सगळं सोपं वाटतं. खरी गंमत जुनी फाइल उघडल्यावर सुरू होते.

मराठी अंक आणि पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर जुळवली गेली. त्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत संगणकाच्या लेखी ती भलतीच चिन्हं असतात. डीटीपीवाल्याकडून मोठ्या कौतुकानं मागून आणलेली फाइल ई-पुस्तकात टाकली की कथेऐवजी चिन्हांची रांगोळी उमटते. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यासाठी रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरं फुटतात आणि ‘ऱ्य’चा हटकून बळी जातो. मग दऱ्याखोऱ्यांतला नायक दर्यात बुडतो, आणि लग्नघरातल्या आचाऱ्याला उद्देशून घातलेल्या शिव्या आचार्यांना जाऊन लागतात. छापील अंकाशी ताडून एक मुद्रितशोधन करावंच लागतं. मूळ फाइल हरवलीच असेल, तर कथा पुन्हा टाइप करणं पुष्कळदा लवकर होतं.

पीडीएफचा मोह अनेकांना होतो, कारण ती छापील पानासारखी देखणी दिसते. मोबाइलवर मात्र तिची ओळ वाचायला बोटांनी पान ताणावं लागतं, डावीकडून उजवीकडे सरकवावं लागतं, आणि तिसऱ्या पानावर वाचक नाद सोडतो. ई-पब किंवा साधी वर्डची फाइल बरी, कारण तिच्यातला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतो. वर्डमध्ये प्रत्येक कथेच्या नावाला शीर्षकाची शैली दिली की अनुक्रमणिका आपसूक तयार होते. नवी कथा नव्या पानावर नेण्यासाठी वीस वेळा एंटर दाबायची सवय मात्र मोडावी लागते. फाइलमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असली, आणि फॉन्टात तशी सोय असली, तर ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे.

हक्कांबाबत लेखक मंडळी उगाच घाबरतात, किंवा अगदीच बेफिकीर असतात. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूनं बराच स्पष्ट आहे. लेखी आणि सही केलेल्या करारावाचून हक्कांचं हस्तांतर होत नाही. म्हणजे संपादकांच्या फोनवरून दिवाळी अंकाला कथा पाठवली आणि मानधनाचा धनादेश वटवला, एवढ्यानं कथा अंकाच्या मालकीची होत नाही. करार झालेला असला आणि त्यात मुदत लिहिलेली नसली, तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२च्या दुरुस्तीनं आणखी एक दार उघडलं: करार झाला तेव्हा जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचे हक्क करारात नाव घेऊन दिलेले नसतील तर गेलेले नसतात. १९८५ साली संग्रह छापायला दिलेल्या लेखकानं हे कलम जरूर वाचावं. पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख करणं ही आपली जुनी रीत आहे, ती पाळावी. अंकात कथेबरोबर छापलेलं चित्र मात्र लेखकाचं नसतं; ते परवानगीवाचून उचलून मुखपृष्ठावर लावता येत नाही.

पैशाचं गणित समजायला सोपं आहे, रक्कम मात्र छोटी. केडीपीवर ३५ आणि ७० टक्के असे मानधनाचे दोन दर आहेत. करापूर्वीची किंमत ९९ रुपये ठेवली तर पहिल्या दरानं हातात साधारण ३५ रुपये येतात आणि दुसऱ्यानं ६९. या दुसऱ्या रकमेतून फाइलच्या आकारानुसार थोडा खर्च वजा होतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत नाव घालावं लागतं. त्यात नव्वद दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही असता कामा नये. छापील प्रत चालते. पण कथा फेसबुकवर पडून असेल, किंवा दिवाळी अंकाची ई-आवृत्ती कुठे विकली जात असेल, तर अट मोडली. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याच योजनेत ‘किंडल अनलिमिटेड’च्या सभासदांनी जेवढी पानं वाचली तेवढ्यांचे पैसे मिळतात. एका पानाचा दर अगदी नगण्य असल्यामुळे तिथे सुट्या कथेपेक्षा जाडजूड संग्रहाला जास्त फळ येतं. म्हणून सुरुवात करणाऱ्यानं एक कथा सुटी काढून वाचक कसे येतात ते पाहावं, आणि मग सात-आठ कथांचा संग्रह करावा, हा क्रम शहाणपणाचा दिसतो.

वाचक विकत घेण्याआधी पुस्तकाच्या सुरुवातीचा थोडा भाग फुकट चाळून बघतो. आता मराठी कथासंग्रहाची सुरुवात आठवा. अर्पणपत्रिका, ज्येष्ठ समीक्षकाची प्रदीर्घ प्रस्तावना, लेखकाचं मनोगत, आणि टंकलेखकापासून धाकट्या जावयापर्यंत सगळ्यांचे ऋणनिर्देश. सव्वाशे पानांच्या संग्रहातली पहिली बारा-तेरा पानं यातच जातात, आणि नमुना चाळणाऱ्याच्या वाट्याला कथेची एक ओळही येत नाही. ही सगळी मंडळी खुशाल शेवटी बसवावीत. सर्वांत चांगली कथा सगळ्यात आधी यावी, तीसुद्धा पहिल्या परिच्छेदात हवापाण्याची चर्चा न करणारी.

मुखपृष्ठ वाचकाला दिसतं ते अंगठ्याच्या नखाएवढं. २५६० बाय १६०० पिक्सेलची उभी प्रतिमा मागितली जाते, पण तिच्यावरचं नाव नखाएवढ्या आकारात वाचता आलं तरच उपयोग. शोधशब्दांसाठी सात रकाने असतात. आपला वाचक मराठी पुस्तकही पुष्कळदा रोमन लिपीत शोधतो, तेव्हा दोन्ही लिप्यांतले शब्द घालावेत. मजकूर, चित्र किंवा अनुवाद कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतला आहे का, हेही आता विचारलं जातं. तिथे खरं उत्तर द्यावं.

एवढं करून पुस्तक चढवलं की साधारण तीन दिवसांच्या आत ते दुकानात दिसू लागतं. त्यानंतर नात्यातलं कुणीतरी व्हॉट्सॲपवर कळवतं की बाविसाव्या पानावर आचाऱ्याचा आचार्य झालाय. छापील पुस्तकात यासाठी शुद्धिपत्राचा कपटा चिकटवावा लागला असता. इथे लेखिका रात्री जेवणं उरकल्यावर फाइल उघडते, एक अक्षर दुरुस्त करते आणि नवी प्रत चढवून झोपायला जाते.