लाइनबॅकरची पारख

अमेरिकन फुटबॉलमधल्या जॅक लॅम्बर्टची गोष्ट पिट्सबर्गमध्ये अजून सांगतात. 1974 च्या ड्राफ्टआधी, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याआधी, तिथल्या स्टीलर्स संघाचे स्काउट ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचा सराव बघायला गेले होते. मैदानात चिखल झाला होता, म्हणून सराव पार्किंगच्या जागेत चालला होता. खाली खडी आणि जळक्या कोळशाची कच. अशा जागी कुणी अंग टाकून खेळत नाही. लॅम्बर्टनं मात्र बॉल घेऊन पळणाऱ्यावर सरळ सूर मारला, उठला आणि हातात रुतलेली कच काढत काढत पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला. उंची सहा फूट चार इंच, वजन 200 पौंडांच्या आसपास, म्हणजे नव्वद-ब्याण्णव किलो. मधल्या लाइनबॅकरच्या जागेसाठी पोरगा फारच किडकिडीत, असं तेव्हाचं मत. स्टीलर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत 46 व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात तो वर्षातला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला, आणि त्या हंगामापासूनच्या सहा वर्षांत स्टीलर्सनी चार सुपर बोल जिंकले.

ही गोष्ट सांगणारे ती जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. स्टीलर्सच्या बचावात पुढच्या फळीत जो ग्रीन आणि अर्नी होम्स हे दोन धिप्पाड गडी समोरच्यांना अडकवून ठेवत. त्यामुळे मधल्या लाइनबॅकरला धक्काबुक्की कमी आणि पळापळ जास्त. पास येणार असं दिसलं की त्यानं मैदानाच्या मध्यातून मागे खोलवर धावायचं. या कामाला उंच, सडपातळ, लांब टांगांचाच माणूस हवा होता. बाकीच्या संघांना जे वैगुण्य दिसलं, त्याचाच स्टीलर्सना उपयोग होता.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांतले ड्राफ्ट एकामागून एक चाळले की हेच पुन्हा पुन्हा दिसतं. लाइनबॅकर निवडताना जे संघ फसले, ते बहुतेकदा ‘हा किती चांगला?’ यावर थांबले होते. ज्यांचं साधलं, त्यांनी ‘आपल्याकडे हा नेमकं काय करणार?’ हे आधी ठरवलं होतं.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बचाव करणाऱ्या संघाची पहिली फळी बॉलच्या समोर वाकून उभी असते. तिच्या चार-पाच यार्ड मागे लाइनबॅकर. समोरचा बॉल घेऊन घुसला तर पुढे जाऊन त्याला पाडायचं, पास फेकला तर मागे वळून तो झेलू पाहणाऱ्याला गाठायचं, आणि कधी पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवरच थेट चालून जायचं. तीन कामांना तीन वेगळ्या प्रकारची शरीरं लागतात. आणि यातलं कुठलं काम करायचं, हे बॉल सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ठरवावं लागतं.

1981 चा ड्राफ्ट यासाठी मुद्दाम आठवावा असा आहे. न्यूयॉर्क जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर नॉर्थ कॅरोलायनाच्या लॉरेन्स टेलरला घेतलं आणि त्यानं लाइनबॅकर म्हणजे काय याची कल्पनाच बदलून टाकली. कडेनं सुटून क्वार्टरबॅकला गाठणारा असा माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्स यांना त्याला थोपवण्यासाठी आपल्या आक्रमणाची मांडणी बदलावी लागली. त्याच ड्राफ्टमध्ये बेलरचा माइक सिंगलटरी उंचीनं कमी म्हणून 38 व्या क्रमांकापर्यंत घसरला. शिकागो बेअर्सनी त्याला उचललं, आणि 1985 च्या त्यांच्या गाजलेल्या बचावाचा तो मेंदू झाला. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या मॉंटक्लेअर स्टेटमधला पाच फूट नऊ इंचांचा सॅम मिल्स कुणीच निवडला नाही. क्लीव्हलंडनं सराव शिबिरातून काढलं, कॅनडात टोरंटोनं काढलं. मिल्स शाळेत फोटोग्राफी शिकवू लागला. नव्यानं निघालेल्या यूएसएफएल या लीगमध्ये त्याला जागा मिळाली, तिथे प्रशिक्षक जिम मोरा भेटले, आणि 1986 मध्ये मोरा न्यू ऑर्लिन्सला गेले ते मिल्सला बरोबर घेऊनच. 2022 मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. तो 2005 मध्येच वारला होता. मोरांनी तीन वर्षं त्याला रोज सरावात पाहिलं होतं. तेवढं पाहिल्यावर त्याच्या उंचीचा प्रश्न उरलाच नव्हता.

दरम्यान निवडीचं शास्त्र आकाराला येत होतं. 1982 मध्ये टॅम्पात पहिलं एकत्रित शिबिर भरलं, आणि 1987 पासून हे कम्बाइन इंडियानापोलिसला भरतं. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर धावायचं, उभ्या उभ्या उडी मारायची, 225 पौंडांची बार छातीवरून किती वेळा उचलता येते ते मोजायचं. हाताची लांबी, पंजाची रुंदी. शिवाय बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक चाचणी. ती 2022 मध्ये बंद झाली. हे आकडे निरुपयोगी मुळीच नाहीत. एका मापात सगळ्यांना मोजलं की गैरसमज कमी होतात, आणि छोट्या कॉलेजातल्या मुलाला स्वतःला सिद्ध करायची संधी मिळते. पण लाइनबॅकर सामन्यात चाळीस यार्ड सरळ रेषेत क्वचितच धावतो. त्याच्यासाठी पहिले दहा यार्ड आणि कंबर वळवायला लागणारा वेळ महत्त्वाचा.

त्याहून महत्त्वाचं जे आहे ते चित्रफितीत दिसतं. अनुभवी स्काउट मागच्या कॅमेऱ्यातून घेतलेली फीत लावतो आणि बॉलकडे न बघता फक्त त्या एका मुलाकडे बघतो. बॉल सुटल्यावर त्याची पहिली दोन पावलं कुठे पडली? समोरच्या फळीतल्या गार्डनं पाय उचलून बाजूला धाव घेतली, तर हा त्याच क्षणी निघाला की अर्धं पाऊल चुकीच्या दिशेला टाकून सावरला? पूर्वापार शिकवण अशी की समोरच्या फळीतल्यांची हेल्मेट वर आली तर पास, खाली राहिली तर धाव. हे वाचणं ज्याला सहज जमतं तो मंद असूनही वेळेवर पोहोचतो. मुलाखतीत प्रशिक्षक एखादा डाव फळ्यावर काढून समजावतात, मग दुसऱ्याच विषयावर बोलतात, आणि थोड्या वेळानं म्हणतात, आता तू काढून दाखव. या मिनिटांना मी स्टॉपवॉचपेक्षा जास्त वजन देईन.

1996 मध्ये या दोन्ही पद्धतींची कसोटी लागली. सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळवलेला इलिनॉयचा केविन हार्डी दुसऱ्याच क्रमांकावर गेला, आणि तो चांगला खेळाडूही ठरला. मायामी विद्यापीठाचा रे लुइस अंगानं थोडा कमी समजला गेला. बाल्टिमोरनं त्याला 26 व्या क्रमांकावर घेतलं. टेक्सस टेकचा झॅक थॉमस सहा फूटही नव्हता, तो पाचव्या फेरीत 154 व्या क्रमांकापर्यंत थांबला. आज लुइस आणि थॉमस दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पण त्यांच्या पुढे कोण उभं होतं हेही बघायला हवं. मायामी डॉल्फिन्सनी त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत डॅरिल गार्डनर हा बचावाच्या पुढच्या फळीतला अवाढव्य टॅकल घेतला होता. टिम बोवेन्सच्या जोडीनं तो समोरच्या गार्डांना थॉमसपर्यंत पोहोचूच देत नसे. बाल्टिमोरमध्ये लुइससाठी हे काम टोनी सिरागुसा आणि सॅम ॲडम्स करत. 2000 च्या हंगामात त्या बचावानं 16 सामन्यांत फक्त 165 गुण दिले. थॉमसला अशा आडोशाविना रोज गार्डांशी भिडावं लागलं असतं, तर 154 वा क्रमांक कदाचित रास्तही वाटला असता.

‘सुरक्षित निवड’ हे लेबल याच कारणानं मला धोक्याचं वाटतं. 2009 मध्ये वेक फॉरेस्टच्या ॲरन करीला ते लागलं होतं. बटकस पुरस्कार, भरभक्कम शरीर, वेग, उत्तम वागणूक. सिॲटलनं चौथ्या क्रमांकावर घेतला, तिसऱ्या हंगामात दुसऱ्या संघाला देऊन टाकला. तोच सिॲटल 2012 मध्ये दुसऱ्या फेरीत 47 व्या क्रमांकावर युटा स्टेटच्या बॉबी वॅगनरला घेतो. न्यूमोनियामुळे वॅगनर कम्बाइनला जाऊच शकला नव्हता. पुढे तो पिढीतल्या सर्वोत्तम लाइनबॅकरांत गणला गेला.

त्यानंतर खेळच बदलला, आणि स्काउटचं काम आणखी अवघड झालं. आता बहुतेक संघ तीनऐवजी दोनच लाइनबॅकर मैदानात ठेवतात, तिसऱ्याच्या जागी पास अडवणारा जादा खेळाडू येतो. कॉलेजात तर असे डाव सुरू झाले की पुढची फळी धावेसाठी झुंजते आणि क्वार्टरबॅक आयत्या वेळी पास फेकतो. कॉलेजच्या नियमात फळीला तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, व्यावसायिक खेळात एकच. म्हणजे हेल्मेट वाचायची जुनी शिकवण कॉलेजात अर्धी खोटी ठरते. मुलगा अर्धा क्षण घुटमळला, तर तो मंद आहे की नियमानं त्याला फसवलं, हे फितीवरून कसं ठरवायचं? त्यात कॉलेजच्या मैदानावरच्या आतल्या खुणा 40 फूट अंतरावर, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा. कॉलेजात एक बाजू एवढी मोकळी असते की तिथे पळून पळून नाव कमावलेल्या मुलाला व्यावसायिक मैदानावर तो वेग दाखवायला तेवढी जागाच मिळत नाही.

2018 च्या ड्राफ्टकडे मी म्हणूनच परत परत वळतो. रोक्वान स्मिथ आठवा, ट्रमेन एडमंड्स सोळावा, लेटन व्हँडर एश एकोणिसावा, रशान एव्हान्स बाविसावा. एडमंड्स निवडला गेला तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता, उंची सहा फूट पाच इंच. दुसऱ्या फेरीत 36 व्या क्रमांकावर साउथ कॅरोलायना स्टेट या लहानशा कॉलेजचा डॅरियस लेनर्ड इंडियानापोलिसला गेला, आणि पहिल्याच वर्षी बॉलवाल्याला पाडण्यात, 163 टॅकलसह, लीगमध्ये अव्वल आला. तिसऱ्या फेरीत 70 व्या क्रमांकावर ब्रिगहॅम यंगचा फ्रेड वॉर्नर. कॉलेजात तो बॉलपासून दूर, पास झेलणाऱ्यांच्या अंगावर खेळलेला; अनेकांच्या मते ना धड लाइनबॅकर, ना धड सगळ्यात मागे उभा राहणारा सेफ्टी. सॅन फ्रान्सिस्कोनं त्याला पहिल्याच हंगामात मध्ये उभं केलं. पास अडवायची सवय त्याला होतीच, आणि नव्या काळात मधल्या लाइनबॅकरचं निम्मं काम तेच झालं होतं. 2024 पर्यंत तो चार वेळा लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला.

दोन वर्षांनी क्लेमसनचा आयझॅया सिमन्स आला. सहा फूट चार इंच, 238 पौंड, चाळीस यार्ड 4.39 सेकंदांत. बटकस पुरस्कारही मिळालेला. तुझी जागा कुठली, असं कम्बाइनमध्ये विचारलं तर तो म्हणाला, मी डिफेन्स खेळतो. ते खरंही होतं, क्लेमसननं त्याला सगळीकडे खेळवलं होतं. ॲरिझोनानं त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं आणि पुढची तीन वर्षं कधी आत, कधी कडेला, कधी मागे असं फिरवत ठेवलं. 2020 मध्ये साथीमुळे उन्हाळ्याचा सराव आणि सराव सामने रद्द झाले होते, हेही त्याच्या वाट्याला आलं. ऑगस्ट 2023 मध्ये त्याला सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात न्यूयॉर्कला देऊन टाकलं. मला त्या मुलाबद्दल मनापासून वाईट वाटतं. एक जागा, एक प्रशिक्षक आणि दोन सलग वर्षं त्याला मिळायलाच हवी होती.

संघांनी यातून घेतलेला धडा मात्र मला पटत नाही. लाइनबॅकर ओळखणं कठीण, म्हणून त्याच्यावर वरची निवड खर्चच करू नये, असं मत बळावलं. 2024 मध्ये आतला एकही लाइनबॅकर पहिल्या फेरीत गेला नाही. त्याच हंगामात फिलाडेल्फिया ईगल्समध्ये झॅक बॉन पुढे आला. तो सिमन्सच्याच ड्राफ्टमधला, विस्कॉन्सिनचा कडेचा रशर, म्हणजे कडेनं क्वार्टरबॅकवर चालून जाणारा; न्यू ऑर्लिन्सनं 74 व्या क्रमांकावर घेतलेला आणि चार वर्षं बहुतांशी किकच्या वेळी मैदानात उतरवलेला. ईगल्सनी त्याला स्वस्तात, एका वर्षाच्या करारावर आणलं. बचावाचे प्रशिक्षक विक फॅन्जिओ यांनी त्याला कडेवरून आत घेतलं. बॉन त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, आणि फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये त्यानं समोरचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा पास मधल्या मध्ये पकडला.

दोन महिन्यांनी त्याच ईगल्सनी पहिल्या फेरीत 31 व्या क्रमांकावर अलाबामाचा जिहाद कॅम्पबेल घेतला. शाळेत कडेचा रशर, कॉलेजात आत आलेला, खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा तो बॉनच्या शेजारी, आतच खेळत होता.