सातबारा यंत्रात आला, तरी वाचायचा आपणच



शेतकऱ्याच्या घरी एक कागद जिवापाड जपतात. तो म्हणजे सातबारा. गावनमुना सात आणि गावनमुना बारा मिळून हा उतारा होतो. जमीन कोणाची, किती, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे सातमध्ये लिहितात. शेतात पीक कोणते, हे बारामध्ये लिहितात.

पूर्वी हा उतारा तलाठी हाताने लिहून देत. त्यासाठी खेपा घालाव्या लागत. आता राज्यातले सातबारे संगणकात आले आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. त्याला १५ रुपये पडतात. त्यावर तलाठ्याची सही, शिक्का लागत नाही. सरकारी कामाला आणि कर्जाला तो चालतो. फुकट दिसतो तो उतारा मात्र माहितीपुरताच.

मग सगळे बिनघोर झाले का? नाही. संगणक चपळ आहे, पण त्याला स्वतःची अक्कल नाही. ४० आर म्हणजे सुमारे एक एकर. लिहिताना एक शून्य गळाले, तर ४ आरच राहतील. यंत्र तेच दाखवील, आणि बँकही तेच धरून चालेल. म्हणून यंत्रावर कायद्याचा आणि माणसाचा लगाम हवा.

तो लगाम आहे. खरेदी, वाटणी किंवा वारस झाला, की फेरफार धरतात. संबंधितांना नोटीस निघते. हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. मग नोंद तपासून मंजूर करतात. लिहिण्यात चूक झाली असेल, तर तहसीलदाराकडे अर्ज करावा. जमीन महसूल कायद्याचे कलम १५५ त्यासाठीच आहे.

पिकाचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाईलवर पीक नोंदवायचे, फोटो काढायचा. पण ज्या म्हातारीकडे मोबाईल नाही, तिने काय करावे? नोंद राहिली आणि पीक बुडाले, तर मदत मिळताना अडचण येते. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. तेव्हा ज्याला येते त्याने शेजाऱ्याची नोंद करून द्यावी. सुधारणा सर्वांच्या दारी पोचली, तरच ती टिकते.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. वर्षातून एकदा तरी आपला उतारा काढा. नाव, क्षेत्र, बोजा आणि पीक बोट ठेवून वाचा. नोटीस आली तर वाचल्याशिवाय सही करू नका. जमीन आपल्या मुलाबाळांना द्यायची आहे. तिचा कागद चोख ठेवणे आपल्याच हाती आहे.

प्रश्न
१. गावनमुना सातमध्ये काय लिहितात?
२. फेरफाराला हरकत घ्यायला किती दिवस मिळतात?
३. तुमच्या उताऱ्यात चूक दिसली, तर तुम्ही कोठे जाल?