रोमन सोन्याचं नाणं कसं ओळखाल?

वजन : ऑगस्टसच्या काळातला ‘ऑरियस’ सुमारे ७.८ ग्रॅमचा. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने तो ७.३ ग्रॅमच्या आसपास आणला. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनचा ‘सॉलिडस’ रूढ झाला. तो पातळ, जेमतेम ४.५ ग्रॅमचा.

अक्षरं : सम्राटाच्या चेहऱ्याभोवती त्याचं नाव आणि पदव्यांची आद्याक्षरं असतात. ‘टीआर पी’पुढचा रोमन आकडा सम्राटाच्या ट्रिब्यून-अधिकाराचं कितवं वर्ष ते सांगतो, त्यावरून नाण्याचं साल काढता येतं.

कड : अस्सल नाणं ठशाने पाडलेलं असतं. कडेला सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ते ओतीव नक्कल असण्याची शक्यता मोठी.

छेद : दक्षिण भारतात सापडलेल्या अनेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच मुद्दाम मारलेला छेद आढळतो.