सैनिक इटलीत, घरची माणसं कोल्हापुरात
(लेखमाला : परक्या मातीत)

या आठवड्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत जायचं कबूल केलं होतं. ते लांबलं. नागपूरच्या रामदासपेठेत राहून लेखमाला लिहिणाऱ्याला वाचक पत्रं पाठवत नाहीत, थेट रस्त्यात गाठतात. इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईवरचा लेख आला त्याच संध्याकाळी एका निवृत्त मास्तरांनी मला थांबवलं. म्हणाले, "इटलीपर्यंत कशाला गेलात? पोलिश सैनिकांच्या कबरी आपल्या कोल्हापुरात आहेत की!"

कबरी आहेत, पोलिशही आहेत. सैनिकांच्या मात्र नाहीत. मग कोणाच्या? याचं उत्तर दिल्याशिवाय मला खडकीला जाववेना.

मोंते कासिनोला जनरल अँडर्सचं पोलिश सैन्य लढताना आपण त्या लेखात पाहिलं. ते निघालं कुठून? सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मन आणि पूर्वेकडून रशियन, दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडातली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात धाडली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि कालचे कैदी स्टालिनला आज कामाचे वाटू लागले. जुलैअखेर करार झाला. अँडर्स मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून सुटले ते थेट सेनापती झाले. श्रमछावण्यांतले पुरुष भरतीसाठी येऊ लागले आणि त्यांच्यामागून बायका, पोरं, म्हातारी माणसंही आली; कारण शिधा मिळण्याची आशा होती ती तिथेच. १९४२ मध्ये हा सगळा लोंढा कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरला. एक लाखाहून अधिक माणसं, त्यांत साधारण एक तृतीयांश नागरिक.

इराणात कुटुंबं फुटली. सैनिक इराक, पॅलेस्टाईन, इजिप्त करत इटलीला गेले. घरच्यांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान असं जिथे जागा मिळेल तिथे पाठवलं गेलं. जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला मुलांना आसरा दिला, ती गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. पण त्याहून कितीतरी मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेजवळ वळिवड्याला १९४३ मध्ये उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि वृद्ध. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, सगळं होतं. क्षयाच्या रुग्णांची सोय पाचगणीला होती. तरी सायबेरियाची थंडी आणि उपासमार भोगून आलेली सगळीच माणसं तगली नाहीत. जी गेली, त्यांना कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. मास्तर, त्या कबरी या लोकांच्या.

१८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोच्या पडक्या मठावर पोलिश निशाण लागलं, तेव्हा तिथे लढणाऱ्या अनेकांच्या आया, बायका आणि बहिणी वळिवड्यात होत्या. मुलगा कासिनोच्या उतारावर आणि त्याची म्हातारी आई कोल्हापुरात, अशी एकेका घराची ताटातूट झाली होती. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्यांनी नकाशा पुन्हा आखला आणि या लोकांची पूर्व पोलंडातली गावं रशियाकडे राहिली. परतायचं कुठे? अखेर इटलीतल्या सैनिकांमुळेच वाट निघाली. ते ब्रिटिशांच्या हुकमतीखाली लढले होते. म्हणून त्यांना ब्रिटनमध्ये राहू देण्याचा कायदा १९४७ मध्ये झाला आणि त्यांच्या नात्याने वळिवड्यातली पुष्कळ कुटुंबं तिकडे गेली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. तिथे फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच. काही निर्वासितांनी सोडलेल्या खोल्यांत दुसऱ्यांनी चूल मांडली.

नागपूरकरांसाठी थोडं आडवळण घेतो. कासिनोची पोलिश दफनभूमी मठ आणि ५९३ क्रमांकाची टेकडी यांच्यामधल्या उतारावर आहे. अँडर्स १९७० मध्ये लंडनला वारले, तेही तिथेच आपल्या सैनिकांजवळ आहेत. याच टेकडीवर फेब्रुवारी १९४४ मध्ये, पोलिशांच्या हल्ल्याच्या तीन महिने आधी, राजपुताना रायफल्सची चौथी बटालियन चढून गेली आणि रक्तबंबाळ होऊन परतली. मार्चमध्ये त्याच रेजिमेंटची पहिली बटालियन खालच्या किल्ल्याच्या टेकडीवर तोफांच्या माऱ्यात सापडली. ही पहिली बटालियन म्हणजे आजच्या भारतीय लष्करातल्या गार्ड्स रेजिमेंटची तिसरी बटालियन, आणि गार्ड्सचं केंद्र आपल्या कामठीला.

आता मूळ मुद्दा. सैनिक मेला तर त्याच्या कबरीला वाली असतो. १९१७ मध्ये स्थापन झालेला युद्ध कबर आयोग राष्ट्रकुलाच्या सैनिकांच्या कबरी राखतो; इटलीत पोलिश सैनिकांच्या चार दफनभूमी आहेत, त्याही नीट राखलेल्या. निर्वासित छावणीत तापाने मेलेली आई यांपैकी कुठल्याच यादीत बसत नाही. तिच्यासाठी धडपडली ती वळिवड्यात लहानाची मोठी झालेली मुलंच. भारतात राहिलेल्या पोलिशांची संघटना त्यांनी लंडनमध्ये काढली आणि १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक उभं केलं. सरकारं नंतर जागी झाली. वळिवड्याचा स्मारकस्तंभ तर २०१९ मधला.

वॉर्सात मोंते कासिनोचं मोठं युद्धस्मारक आहे. त्याच्याजवळच वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक लावलाय. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले, तेव्हा तो आपल्या वर्तमानपत्रांतून झळकला. पोलिशांनी जागा अचूक निवडली, असं माझं मत आहे. लढाई आणि निर्वासित छावणी या एकाच घराच्या दोन हकिकती आहेत आणि त्या शेजारी शेजारीच वाचायला हव्यात. आपण मात्र एक युद्धाच्या इतिहासात घालतो आणि दुसरी पाहुणचाराच्या.

इथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांना एक विनंती. मिरज सुटल्यावर, कोल्हापूर यायच्या थोडं आधी वळिवडे स्टेशन लागतं, तेव्हा जागे राहा. आणि दर्शन झालं की अर्धा तास त्या दफनभूमीसाठी काढा. खडकी पुढच्या आठवड्यात, नक्की.