शास्ता पर्वतावरील वसंतारोहण

डोंगर चढावयाचा तर चांगलें उजाडल्यावर निघावें, म्हणजे वाट दिसते, असें कोणासही वाटेल. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागीं शास्ता नांवाचा जो पर्वत आहे, त्यावर मे महिन्यांत जाणारे लोक मध्यरात्र उलटतांच उठतात, कपाळावर लहानसा दिवा बांधतात आणि काळोखांत चालूं लागतात. असें कां? विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नाच्या उत्तरांत सृष्टिनियमांचा एक मनोरम पाठ आहे.

शास्ता हा ज्वालामुखी पर्वत असून त्याची उंची १४,१०० फुटांहून अधिक आहे. हिंवाळ्यांत त्यावर विपुल बर्फ पडतें. वसंतांत पायथ्याचीं रानें हिरवीं होतात, तरी माथा शुभ्रच राहतो. दक्षिणेकडील नेहमींची वाट सुमारें ७,००० फुटांवर सुरू होते. म्हणजे तितकेंच आणखी चढावयाचें असतें. पुष्कळ लोक पायांत स्की घालून जातात. स्की म्हणजे पुढील टोंक वर वळविलेल्या लांब, अरुंद पट्ट्या. चढतांना त्यांच्या तळाला केंसाळ पट्टी चिकटवितात. पूर्वीं ही सील प्राण्याच्या कातड्याची असे. आतां ती लोंकरी किंवा कृत्रिम धाग्याची असते. केंस मागें वळलेले असल्यामुळें स्की पुढें सरकते, पण मागें घसरत नाहीं. चढ फार उभा झाला म्हणजे स्की पाठीवर बांधून, बुटांस लोखंडी दांते लावून व हातीं बर्फाची कुऱ्हाड घेऊन पावलापावलानें चढावें लागतें. अॅव्हलांच गल्च, म्हणजे हिमलोटांची घळ, या नांवाच्या वाटेवर वरचा उतार सुमारें ३५ अंशांचा आहे. नांवावरूनच तेथील भय ध्यानांत यावें.

आतां रात्रीचें रहस्य पाहूं. दिवसां उन्हानें बर्फाचा वरचा थर वितळतो. रात्रीं आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभागाची उष्णता वर निघून जाते व तो थर पुन्हां गोठतो. आपल्याकडे स्वच्छ रात्रीं शेतांत दंव पडतें आणि ढगाळ रात्रीं पडत नाहीं, त्याचें कारणही हेंच. असें वितळणें व गोठणें कित्येक दिवस चाललें म्हणजे बर्फाचे नाजूक कण जाऊन जोंधळ्यासारखे भरड, गोल दाणे बनतात. रात्रीं हे दाणे एकमेकांस घट्ट चिकटतात. म्हणून पहांटे बर्फ पाय पेलतें व उतारावर स्थिर राहतें.

परंतु त्याच वेळीं तें दगडासारखें कठीण असतें. त्यावर स्की पकड घेत नाहीं, आणि घसरलेला मनुष्य सहसा थांबत नाहीं. सूर्य वर आल्यावर पृष्ठभाग इंच-दीड इंच मऊ होतो. तीच उतरण्याची उत्तम घटका! तासन्‌तास कष्टानें चढलेली घळ तेव्हां थोडक्या वेळांत, सुंदर वळणें घेत, उतरतां येते. ती घटका टळली कीं पाणी खोल मुरतें, दाण्यांची गांठ सुटते, आणि ओल्या बर्फाचा लोट खालीं येण्याचा संभव वाढतो. वरील तांबड्या कड्यांतील बर्फ सुटून धोंडेही घरंगळतात. रात्रीं ढग असून बर्फ गोठलेंच नाहीं, तर जाणता गिर्यारोहक चढत नाहीं, तंबूंतच राहतो.

वेळ चुकली म्हणजे काय होतें, याची एक खरी गोष्ट आहे. ३० एप्रिल १८७५ रोजीं विख्यात सृष्टिनिरीक्षक जॉन म्यूर व त्यांचे सोबती जेरोम फे पायीं चढून शिखरावर गेले. तेथें म्यूर वायुभारमापकाचीं निरीक्षणें घेत होते. ढग जमूं लागले होते. तरी दुपारीं तीनचें निरीक्षण पुरें करावें, म्हणून ते थांबले. इतक्यांत हिमवादळानें गांठलें. म्यूर यांच्या अंगांत कोटही नव्हता. शिखराजवळ भूगर्भांतील कढत वाफ बाहेर टाकणारीं छिद्रें आहेत, तेथील चिखलांत दोघे रात्रभर पडून राहिले. खालून अंग भाजत होतें, वरून गोठत होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते कसेबसे खालीं आले व बचावले.

म्यूर आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. त्यांचें काम चांगलें होतें. पण वादळ कोणाचें कारण विचारीत नाहीं. म्हणून शास्तावर जाणारे शहाणे लोक परतण्याची वेळ निघण्यापूर्वींच ठरवितात, आणि ती झाली कीं शिखर चार पावलांवर असलें तरी मागें फिरतात. मुलांनो, चढण्यास बळ लागतें हें सर्वांस ठाऊक आहे. वेळेवर मागें फिरण्यास त्याहून अधिक बळ लागतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.