जामीन कोण राहणार?

नगरला कुणी पाहुणा आला की आपण त्याला भुईकोट किल्ला दाखवायला नेतो. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांना इथे आणून ठेवले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले. ती खोली पाहताना तुरुंग या शब्दालाही एक तेज आल्यासारखे वाटते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी किल्ल्याचा अभिमान तोच आहे. मात्र याच जिल्ह्यात अशीही माणसे आहेत, ज्यांच्या घराण्यात तुरुंग पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि पाहुण्याला दाखवण्यासारखे त्यात काहीच नाही.

त्यांच्यापैकी एकाची आणि माझी गाठ बँकेत पडली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. एक फासेपारधी गृहस्थ शेळ्यांसाठी कर्ज मागायला आले. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मी त्यांना ‘तू’ म्हणत होतो. पत्ता विचारला, तर म्हणाले, “वढ्याच्या कडंला, बाभळीपाशी.” जामीनदार कोण, असे विचारल्यावर ते नुसतेच हसले. अर्ज तिथेच राहिला.

काही महिन्यांनी ते पुन्हा आले. थोरल्या मुलाला चोरीच्या संशयावरून पकडले होते. न्यायालयाने जामीन मंजूर केला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. “सायेब, तुमच्या पगाराचा कागद चालतो म्हनं. पोराला जामीन ऱ्हाता का?” बँकेच्या नियमात बसत नाही, असे मी सांगितले. तसा नियम होता की नाही, हे मी पाहिलेही नाही. मुलगा पाच महिने आत राहिला आणि पुराव्याअभावी सुटला. वडील त्यानंतर शाखेत आले नाहीत.

जामीन नाकारणे आणि मंजूर झालेला जामीन हातात न पडणे, यांतला फरक मला त्या वेळी कळला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तो मुलगा सुटलेलाच होता. अडले होते ते सातबाऱ्यापाशी, ऐपतीच्या दाखल्यापाशी, घरपट्टीच्या पावतीपाशी. म्हणजे मी कर्जाच्या अर्जाला जोडायला सांगत होतो, नेमक्या त्याच कागदांपाशी.

हे कागद त्यांच्याकडे का नसतात, याचे उत्तर इतिहासात आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. 1911 मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहतच उभी होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नव्हते. पोलीस ठाण्यातली नजर मात्र जुनीच राहिली. गावाने शिवारात टिकू दिले नाही, गायरानावरचे पाल कधी उठवले जाईल याचा नेम नाही. मग कायमचा पत्ता येणार कुठून?

आणि पत्ता तर पावलोपावली लागतो. 1958 च्या परिवीक्षा कायद्याने दोषी ठरलेल्यालाही चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. फार उदार कायदा आहे. परंतु आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला कायमचे राहण्याचे ठिकाण अथवा नियमित व्यवसाय असल्याची खात्री न्यायालयाने करून घ्यावी, अशी त्यात अट आहे. शिक्षा भोगणाऱ्याला संचित रजा हवी असेल, तर त्याला ठेवून घेणारा आणि हमी देणारा नातलग राज्याचे नियम मागतात. पोलिसांचा अहवालही लागतो. यांतल्या एकाही कलमात जातीचा उल्लेख नाही. तो असण्याची गरजच उरलेली नाही.

न्यायालयांना हे ठाऊक नाही असे नव्हे. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून त्याचा जामीन खालच्या न्यायालयाने नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद झाली. पण चोरीचे बहुतेक गुन्हे अजामीनपात्र असतात. तिथे ही तरतूद कामाची नाही. 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटता येते. मात्र एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असली की ही सवलत मिळत नाही. जवळपास कुठेही चोरी झाली की ज्यांच्या पालावर पोलीस आधी जातात, त्यांच्या नावावर एकच प्रकरण राहील, अशी आशा किती करावी?

2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यांपैकी 4,34,302 कच्चे, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा आहे असे. इंग्लंडमध्ये 2017 साली डेव्हिड लॅमी यांच्या अहवालाने दाखवले की, लोकसंख्येत 14 टक्के असलेले कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य तुरुंगात मात्र 25 टक्के आहेत. साहेबाने आपल्याकडे जो कायदा लादला, त्याची छाया त्याच्या घरातही आहे, असे म्हणायचे.

या नजरेची किंमत केवढी असते? आपल्याच राज्यातल्या 2003 च्या एका खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. तोवर आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

3 ऑक्टोबर 2024 रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, विमुक्तांना मनमानी पद्धतीने अटक करू नका, असेही बजावले. फार मोठा निकाल आहे. पण जातीचा रकाना गेला तरी पत्त्याचा रकाना राहतोच. केंद्राच्या 2023 च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. पैशाची सोय झाली, चांगलेच झाले. माणसाचा विश्वास मात्र अजून सातबाराच ठरवतो. जातमुचलक्यावर सोडण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. तो अपवाद म्हणून न वापरता रीत म्हणून वापरला, तर कित्येक पोरे घरी येतील.

बँकेत आम्ही तारण नसलेल्या कर्जाला धोक्याचे म्हणत असू. पुढे बचत गट आले. तारण नसलेल्या बायका एकमेकींच्या भरवशावर कर्ज घेऊ लागल्या आणि ते वेळेवर फेडू लागल्या, तेव्हा आमचा तो समज बराचसा चुकीचा ठरला. न्यायालयाच्या दारातही तसा अनुभव यायला हरकत नाही; कुणी आधी विश्वास टाकून पाहिला पाहिजे.

त्या दिवशी ती संधी माझ्याकडे आली होती. पगाराचा कागद टेबलाच्या खणातच होता.