न्हाणीघरातील ठिबकते पाणी

न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटत असे, त्या काळी स्नानाचे पाणी तापविणे हे घरातील अगदी निरुपद्रवी काम होते. मधल्या नळकांड्यात ढलप्या किंवा शेंगांची टरफले घालावीत, सभोवतीच्या पोकळीतील पाणी तापावे आणि ते फार तापलेच तर झाकणाखालून वाफ निघून जावी, इतकाच त्याचा व्यवहार. बंबाने हात भाजल्याच्या गोष्टी घरोघर आहेत. बंब फुटल्याची मात्र आम्ही कधी ऐकली नाही. त्याचे तोंडच उघडे असे, दाब साठावयाचा कोठे?

आज बंबाची जागा गीझरने घेतली आहे. गीझर म्हणजे विजेवर चालणारा बंब, असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. हा समज चुकीचा होता, आणि त्या चुकीची किंमत मोजण्याची वेळ आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परतली. तीच हकीकत सभासद बंधूंच्या व विशेषतः त्यांच्या घरातील मंडळींच्या कानांवर घालण्याचे योजिले आहे.

गीझर ही चहूबाजूंनी बंद असलेली टाकी होय. आत येणाऱ्या थंड पाण्याच्या दाबानेच तिच्यातील ऊन पाणी बाहेर ढकलले जाते. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर हा दाब थोडा असतो. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, असा त्याचा हिशेब आहे. रस्त्याच्या मुख्य नळावरून किंवा दाबाच्या पंपावरून थेट जोड दिला, तर तोच दाब कित्येक पटींनी वाढू शकतो. बेळगाव, हुबळी-धारवाड व कलबुर्गी येथील काही प्रायोगिक विभागांत २००८ साली चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. दिवसांमागून दिवस घागरी भरून ठेवणाऱ्या गृहिणींना तिचे केवढे अप्रूप वाटले, हे आम्ही पाहिले आहे. वाहत्या नळाचे पाणी थेट न्हाणीघरात घ्यावे, अशी इच्छा तेव्हा पुष्कळांना झाली. आम्हांसही झाली, आणि आम्ही ती पुरवून घेतली.

नवा जोड दिल्यापासून गीझरच्या खालच्या लहानशा व्हॉल्व्हमधून रोज सकाळी पाणी ठिबकू लागले. थेंबभर पाण्यातही जीव आहेत असे मानणारे आपण. ते पाणी व्यर्थ जाताना पाहून आमच्या मनास टोचणी लागे. शिवाय भिंतीवर डाग पडला तो वेगळाच. नळकाम करणाऱ्या इसमास आम्हीच बोलाविले आणि आमच्याच सांगण्यावरून त्याने त्या व्हॉल्व्हच्या तोंडास बूच मारले. थेंब थांबला व आम्ही समाधान पावलो.

वास्तविक तो थेंब दोष नव्हता, तो हिशेब होता. पाणी तापले की फुगते. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून पासष्ट अंशांवर नेले, तर ते सुमारे साडेचारशे मिलिलिटरने वाढते. मागे परतण्याची वाट उलटा प्रवाह रोखणाऱ्या व्हॉल्व्हने बंद केलेली असते, म्हणून हे वाढलेले पाणी सुटकेच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. भिजलेला हरभरा घट्ट बांधलेल्या पोत्याचे काय करतो, हे जन्मभर धान्यात वावरलेल्या माणसास निराळे शिकवावे लागू नये. पण दुकानातले शहाणपण आम्ही घरी नेले नाही.

पुढे एका दुरुस्तीवाल्याने याहून मोठा पराक्रम केला. गीझर वारंवार आपोआप बंद पडतो अशी आमची तक्रार होती. पाणी मर्यादेबाहेर तापले असता वीज तोडणारा कटआउट त्याने वगळून तारा सरळ जोडून दिल्या. त्यानंतर काही महिन्यांनी, एका थंडीच्या सकाळी, तापमान राखणारा थर्मोस्टॅट चिकटून बसला. नातवाला आंघोळ घालण्यासाठी सूनबाईंनी तोटी फिरविली, तो पाण्याऐवजी मोठ्या आवाजाने वाफ उसळली. त्यांनी मुलास मागे ओढले आणि बाहेर येऊन मेन स्विच खाली पाडला. घरातील शहाणपणाचे एवढेच कृत्य त्या दिवशी झाले, आणि ते आमच्या हातून झालेले नव्हते.

नंतर एका जाणकार अभियंत्याने आम्हांस जे समजावून सांगितले, त्याने अंगावर काटा आला. उघड्या भांड्यातले पाणी सुमारे शंभर अंशांवर उकळते. हवेच्या दाबावर आणखी तीन किलोंचा दाब असला, तर तेच पाणी एकशे चाळीस अंश ओलांडूनही पाणीच राहते. अशा वेळी टाकी फाटली तर दाब एकदम नाहीसा होतो व त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ बनतो. आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. न्हाणीघराच्या चार भिंतींत ती कोठून मिळणार?

याच भीतीमुळे ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा बंदिस्त, मुख्य नळाच्या दाबावरील टाक्यांना घरांत सर्वसाधारण मुभा नव्हती. तेथे माळ्यावर थंड पाण्याची टाकी व वर उघडी नळी, म्हणजे आपल्या बंबाचेच तत्त्व, चालत असे. पुढे नियम बदलून परवानगी मिळाली ती तीन राखणदार नेमून: थर्मोस्टॅट, स्वतंत्र कटआउट, आणि हे दोन्ही निकामी झाले तरी दाब वा उष्णता वाढताच उघडणारा व्हॉल्व्ह. त्याचे पाणी वाहताना डोळ्यांस दिसले पाहिजे, हीही अट आहे. आमच्या घरी तीनपैकी दोन राखणदारांस आम्हीच रजा दिली होती, आणि तिसरा झोपी गेला.

गीझर घेताना टाकी किती दाब सोसते, हे तिच्यावरील पट्टीवर वाचावे. अनेक गीझरांवर आठ बार असा आकडा असतो; पण तो वाचून निर्धास्त होऊ नये, कारण हा आकडा व्हॉल्व्ह चालू आहे असे धरूनच दिलेला असतो. जोड कोठून घ्यावयाचा, हे भिंत फोडण्यापूर्वीच जाणकारास विचारावे. व्हॉल्व्हची नळी खाली उतरती असावी, तिचे तोंड कायम उघडे असावे व त्यावर नळ बसवू नये. बोअरच्या जड पाण्याने व्हॉल्व्हमध्ये क्षार साचतात, तेव्हा वर्षातून एकदा तो तपासून घ्यावा. व्रतस्थ मंडळींसाठी जाता जाता एक सूचना: गीझरचे पाणी साधारणतः साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापते, ते उकळलेले पाणी नव्हे आणि पिण्यासाठीही नव्हे.

आमच्याकडे आता नवा गीझर आहे व त्याच्या नळीखाली पितळेचा तांब्या ठेविला आहे. रोज सकाळी त्यात अर्ध्या लिटरच्या आतबाहेर पाणी जमते. ते निवले की सूनबाई अंगणातल्या जास्वंदीस घालतात. एखाद्या सकाळी तांब्या कोरडा आढळला, तर गीझर बंद ठेवून माणूस बोलवावा, अशी सूचना आम्ही घरात देऊन ठेविली आहे.